हिरण्यकश्यपाचा खोकला

कुंजीलाल टेंभरे हिरण्यकश्यप व्हायचा तेव्हा मी त्याची राणी असायचो. आमच्याकडं दंडारीत बायका नाचत नाहीत. जो मिशी उतरवायला तयार होईल तो राणी. माझी मिशी नाहीतरी धड येत नव्हती, म्हणून मी तयार झालो. पण त्यामुळं ह्या माणसाबद्दल बोलायचा हक्क त्याच्या बायकोच्या खालोखाल माझाच आहे. बाकीचे जे काय सांगत फिरतात ते खुशाल फिरोत.

दिवाळी सरली, लवकर पिकणारा हलका धान कापून झाला की सालेकसा-आमगावकडच्या आमच्या गावांत मंडया सुरू होतात. आज ह्या गावची, परवा त्या गावची. मंडई म्हणजे दिवसभराचा बाजार, घरोघर पाहुणे, आणि दुपारी मांडवात दंडार. दंडार म्हणजे देवादिकांची गोष्ट, गाणं, नाच आणि मधूनमधून गावातल्या बड्या माणसांची टर. आमच्या कोसमटोल्याची दंडार प्रल्हादाची. ती बरी होती. फार बरी नव्हती. जर्मनीची दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीपर्यंत आम्हाला बोलावणारी गावं म्हणजे सगळी सोयऱ्यांची गावं, ज्यांना आम्हाला नाही म्हणता येत नव्हतं.

आमची अडचण राक्षसाची होती. कुंजीलाल देहानं राक्षसच होता. धानाचं पोतं तो एका हातानं गाडीत टाकायचा आणि मुकुट त्याच्या डोक्यावर बसवायला दोन माणसं लागायची. पण देवानं देह देताना हात सैल सोडला आणि आवाजाच्या वेळी त्याला मधेच कोणीतरी हाक मारली असावी. ‘कुठं आहे तुझा विष्णू?’ असं हा पहाड गरजायचा, आणि मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. शेळीच ती. तरी राक्षस तोच, कारण गावातली एकुलती एक पेटी त्याच्या घरची होती. मी राक्षस नसलो तर पेटीही नसेल, असं त्यानं शालीकरामला स्वच्छ सांगून ठेवलं होतं. शालीकराम आमच्या दंडारीचा म्होरक्या. खांबातून निघणारा नरसिंह तोच व्हायचा, आणि दर मंडईला कुंजीलालचं पोट जरा जास्तच मन लावून फाडायचा.

त्या वर्षी दसऱ्याला कुंजीलाल डोंगरगडाकडं बहिणीच्या घरी गेला. बहिणीची लेकरं खोकत होती. परत आला तो नाक पुसतच. दिवाळीपर्यंत त्याला कोरडा खोकला लागला, आणि पहिल्याच मंडईला, शेजारच्या गावच्या मांडवात, ते घडलं.

प्रल्हाद हात जोडून उभा होता. प्रल्हाद म्हणजे आमचा बिसराम, दोन लेकरांचा बाप, पण उंचीनं प्रल्हादच राहिलेला. मी बाजूला पदर सावरून रडत होतो. कुंजीलालनं तलवार उगारली, ‘कुठं आहे’ एवढं म्हटलं, आणि पुढं खोकला. एकामागून एक, एकामागून एक, मधे श्वास घ्यायला जागाच नाही. तोंड लाल झालं, मग जांभळं. डोळे बाहेर आले, जीभ हनुवटीवर. मला वाटलं, राणी आज खरोखरीची विधवा होते. आणि मग त्यानं छातीच्या तळापासून हवा आत ओढली, तिचा आवाज आला: हूंऽऽऽप!

पुढच्या चटईवरची पोरं आयांच्या अंगावर चढली. पेटीवाल्याचे हात थांबले. कुंजीलालनं आधारासाठी खांब धरला. तो खांब म्हणजे तट्ट्यावर चिकटवलेला कागद. तो गदागदा हलला आणि आत दडलेला नरसिंह बाहेर यायला तयार होईना. शेवटी कुंजीलाल खांबामागं जाऊन भडभडून ओकला. मी त्याचं कपाळ धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं राक्षस विष ओकतो आहे. टाळ्या, शिट्ट्या, ‘पुन्हा, पुन्हा!’ असा कल्लोळ उठला. पुन्हा करायची तसदी कुंजीलालला घ्यावी लागली नाही, ते आपोआप झालं.

गावचे मालगुजार स्वतः उठून आले, त्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला. “वाह टेंभरेजी! क्या गर्जना है!” ते म्हणाले. कुंजीलालचे डोळे खोकल्यानं आधीच वाहत होते, त्यामुळं तो रडला की नाही ते मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुकुट परत द्यायला त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बैलांना तणस टाकत होता. तिथंच त्याला गर्जना आली. धुरपताबाई, त्याची बायको, ओसरीत तांदूळ पाखडत होती. तिचं सूप हातातच थांबलं.

“हा डांग्या आहे,” ती म्हणाली.

“कोन सांगतलं तुले?”

“आवाजच सांगून राहिला. डांग्या खोकला आहे हा. तुमी आजपासून कोठ्यात झोपा, बैलांपाशी.”

कुंजीलाल माझ्याकडं पाहून हसला. “आयकलं का दुधरामा? अवं, डांग्या लेकरांले होते. मी काय लेकरू आहो? एवढा मोठा हिरण्यकश्यप, अन् त्याले डांग्या!”

मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. पन्नाशीच्या माणसाला डांग्या झाला म्हणणं म्हणजे त्याला दुधाचे दात येताहेत म्हणण्यासारखं होतं. पण धुरपताबाई हसली नाही. त्यांचा पहिला मुलगा तान्हा असतानाच डांग्यानं गेला होता. मोठी पोरं खोकतात, ओकतात, महिना-दोन महिन्यांनी सुटतात. तान्ह्याला खोकायचीही ताकद नसते. ते नुसतं निळं पडत जातं. ते तिच्या मांडीवर निळं पडत गेलं होतं, आणि त्याच्या आधी शेजारच्या पोरांच्या तोंडून तिनं हाच आवाज ऐकला होता. आता घरात दुलारी होती. दुलारी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आले होते.

“दुलारीजवळ जाऊन खोकलले ना,” धुरपताबाई म्हणाली, “तं तुमची पेटी चुलीत घालीन. आयकून ठेवा.”

पेटीचं नाव निघाल्यावर कुंजीलालनं खाट कोठ्यात नेली. जाताना मात्र पुटपुटला, “हार घातला काल मालगुजारानं. अन् घरी बैलांपाशी.”

धुरपताबाई रोज अडुळशाचा काढा करून कोठ्याच्या दारात ठेवायची. मी एकदा सहज गेलो तर कुंजीलाल तो काढा बैलाला पाजत होता. बैल तोंड वाकडं करत होता, पण राजाज्ञा होती.

“हे काय गा?” मी म्हटलं. “काऊन असं करून राहिला?”

“खोकला गेला तं मंग माह्यापाशी काय राहिलं, दुधरामा?” तो म्हणाला. “बाया कशा हासत मले, तुले आठवते ना? आता कोनी हासते का?”

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. एवढा मोठा माणूस, घरची धानाची शेती, गावात मान, आणि मांडवातल्या चार बायकांचं हसणं त्याला इतकी वर्षं टोचत होतं! मंडईच्या दिवशी तो सकाळपासून दही आणि चिंच खायचा. तरीही खोकला वेळेवर आला नाही तर शालीकराम खांबाच्या आतून धुपाटण्यात मिरचीची चिमूट टाकायचा. राक्षस गरजायचा, राणी शिंकायची, प्रल्हादाचे डोळे भक्तीनं भरून यायचे.

आमचं नाव झालं. ज्या गावांत आमचं कोणी सोयरं नव्हतं, त्या गावांहून बोलावणी आली. शालीकरामनं नवा कागद आणून खांब पक्का केला. कुंजीलाल मंडईहून मंडईला जाड होत गेला असं मला वाटायचं. खरं म्हणजे तो ओकून ओकून वाळत चालला होता, फुगत होता तो त्याचा ताठा. त्याच सुमारास दुलारीला मुलगी झाली. धुरपताबाईनं नातीला सुपात घेतलं, ओसरीच्या कडेला उभी राहिली, सूप जरा उंच धरलं आणि अंगणापलीकडं कोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या आजाला म्हणाली, “पाहा, नाक तुमचंच आहे.”

“एवढ्या दुरून नाक दिसते का वं?” कुंजीलाल ओरडला. “जरा जवळ तं आन!”

“खोकला गेल्यावर.”

त्या दिवशी त्यानं काढा स्वतः प्यायला. दुसऱ्या दिवशी मंडई होती, तेव्हा पुन्हा बैलाला पाजला.

मग गावोगावहून बातमी यायला लागली, आणि ती ऐकून आम्ही खूश होत होतो. जिथं जिथं दंडार झाली तिथली पोट्टी म्हणे राक्षसाची नक्कल करत होती. डोळे वटारून, जीभ काढून, अगदी हुबेहूब. आया त्यांना पाठीत धपाटे घालत होत्या, तरी ऐकत नव्हती. शालीकराम म्हणाला, “कलावंताले यापरीस मोठं काय पाह्यजे?” कुंजीलालनं मान खाली घातली, विनयानं.

सालेकशाची मंडई सगळ्यांत मोठी. तिकडं गाड्या निघाल्या तेव्हा वाटेत, जिथं पहिल्यांदा गर्जना झाली होती त्याच गावी, आम्ही विहिरीवर पाणी प्यायला थांबलो. कुंजीलालला बायकांनी लगेच ओळखलं. एका आठ-नऊ वर्षांच्या पोराला तेवढ्यात उबळ आली आणि त्याच्या आईनं त्याच्या पाठीत रट्टा दिला. “पाहा जी, तुमी आलते तवापासून हेच सोंग आहे याचं!” सगळ्या हसल्या. कुंजीलालही हसला.

दुसरी एक बाई कडेवरचं लेकरू पुढं करून कौतुकानं म्हणाली, “हा तं मोठ्याच्याही वरचा आहे, जी. दूध पेता पेता करते.” आणि लेकरानं केलं. आधी बारीक बारीक खोकला, मग तोंड लाल, मग ओठ निळसर, आणि मग एक इवलीशी हूंप. बाईनं कुंजीलालकडं पाहिलं, त्यानं शाबासकी द्यावी म्हणून.

“केवढा आहे हा?” कुंजीलालनं विचारलं.

“नव्वा महिना आहे.”

“अन् आमची दंडार यानं कोठून पाह्यली?”

“पाह्यते कायची? माह्या मांडीवर झोपला होता.”

कुंजीलालच्या हातात पाण्याचा लोटा होता तो तसाच राहिला. मला समजायला त्याच्यापेक्षा थोडा वेळ जास्त लागला. झोपलेलं लेकरू नक्कल कशाची करणार?

“बाई, त्याले मारू नोको,” कुंजीलाल म्हणाला. “त्या मोठ्यालेबी कोनी मारू नोका. हे सोंग नाही. डांग्या आहे हा. मीच आनला.”

“महाराज, तुमी बी ना!” त्या बाया हसत सुटल्या.

पुढच्या वाटेवर तो गाडीत मागच्या बाजूला, आमच्याकडं पाठ करून बसला. दुपट्टा त्यानं तोंडावर घट्ट बांधला होता. बऱ्याच वेळानं दुपट्ट्याआडून म्हणाला, “आमचा पोरगा असाच निळा पडलता, दुधरामा. मले पयल्या दिवसापासून मालूम होतं. आवाज मी नाही ओळखन का?”

सालेकशाला मांडव फुलून गेला होता. पुढं पोरांची रांगच्या रांग. शालीकराम मिरची घेऊन खांबात शिरला. पडद्यामागून कुंजीलाल आला तो डोक्यावर मुकुट आणि तोंडावर दुपट्टा बांधून. त्याच जुन्या शेळीच्या आवाजात त्यानं हुकूम सोडला, “माह्या राज्यात एकबी पोट्टा समोर बसन नाही! सारे मागं व्हा, त्या चिंचेखाली!”

लोक खदखदून हसले. त्यांना वाटलं, ही नवी सुरुवात.

“हासून कायले राहिले?” कुंजीलाल चिडला. “लोकहो, ती गर्जना माही नाही. मले डांग्या झाला. डांग्या!”

मुकुट घातलेला, डोळे रंगवलेला, साडेतीन हात रुंद राक्षस बारीक आवाजात सांगतो आहे की मला डांग्या झाला. मांडवाच्या बल्ल्या हलल्या हो हसण्यानं! मागून कोणीतरी ओरडलं, “अखीन एकदा म्हना, जी!” त्यानं आणखी एकदा म्हटलं, पोटतिडकीनं म्हटलं, धुरपताबाईची शपथ घेऊन म्हटलं. दर वेळेला हशा वाढत गेला. आयुष्यात एवढं खरं तो कधी बोलला नसेल आणि आयुष्यात त्याला एवढी दाद कधी मिळाली नसेल. पोरं तर जागची हललीच नाहीत.

मग त्याला उबळ यायला लागली. मी बाजूलाच होतो, मला त्याच्या मानेवरून कळलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, मागच्या बाजूनं उडी मारली आणि भर बाजारातून, बांगडीवाल्यांच्या दुकानांमधून, तलवारीसकट तळ्याच्या पाळीकडं पळत सुटला. मागं गावची कुत्री. पाळीवर पोचून, पाण्याकडं तोंड करून, तो एकटा खोकला.

इकडं शालीकराम ठरल्या वेळी खांब फोडून बाहेर आला तर फाडायला कोणीच नाही. नरसिंह नखं पसरून इकडं तिकडं पाहत राहिला. प्रल्हादानं त्याला नमस्कार केला. पुढं काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. लोकांनी आधी बोरं फेकली, मग ढेकळं. ती बरीचशी राणीला लागली.

त्यानंतर आम्हाला कोणी बोलावलं नाही. कुंजीलाल मात्र बोलावल्याशिवाय सगळ्या गावांना जाऊन आला. गावात शिरायचा नाही. शिवेवर, गुरं जमतात त्या आखराच्या पलीकडं उभा राहायचा आणि ओरडायचा की पोरांना मारू नका, तान्ही लेकरं खोकणाऱ्यांपासून दूर ठेवा, हा डांग्या आहे. मुकुटाशिवाय त्याला कोणी ओळखेना, म्हणून मुकुट घालून जायला लागला. तरी गडीमाणसं म्हणायची, “राक्षसाचा आवाज कोठं असा होता? खरा असशीन तं गर्जना करून दाखव.” तो दाखवायचा, तोंड रानाकडं करून. गडी हसायचे. पण आवाज ऐकला की बायका काही न बोलता तान्ही लेकरं उचलून आत न्यायच्या. बायकांना तो आवाज माहीत होता.

त्या विहिरीवरचं लेकरू वाचलं. दुसऱ्या एका गावी दोन तान्ही लेकरं गेली. डांग्या त्या साली चहूकडं होता, आपल्याशिवायही आला असता, असं शालीकराम म्हणायचा. असेलही. कुंजीलालनं ते कधी मानलं नाही. ती बातमी मीच त्याला सांगितली. तो खळ्यावर होता. धानाच्या राशीजवळ बसला आणि मोठ्यानं रडला, आणि त्या रडण्याचा आवाजही बारीकच होता. तेव्हा मला हसू आलं नाही. पुढच्या साली त्यानं पेटी दंडारीला देऊन टाकली, राक्षस कोणाला करायचं ते तुम्ही पाहा म्हणाला.

खोकला संक्रांतीनंतर गेला, पण धुरपताबाईनं त्याला होळीपर्यंत कोठ्यातच ठेवलं. दुलारीनं सासरी जाणं त्यासाठी लांबवलं होतं. एका दुपारी मी गेलो तेव्हा कुंजीलाल ओसरीत मांडी घालून बसला होता, अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. धुरपताबाईनं नात आणून त्याच्या मांडीवर दिली. पोरगी गुटगुटीत होती, आणि नाक खरंच त्याचं होतं. त्यानं तिला दोन्ही हातांनी धरलं आणि मान पुरती वळवून भिंतीकडं पाहत बसला.

“अजी, तिच्याकडं पाहा तं खरं,” धुरपताबाई म्हणाली.

“पाहतो ना,” तो भिंतीला म्हणाला. “पन श्वास कोन्या बाजूनं सोडू, ते तं सांग.”

धुरपताबाई त्याच्याशेजारी बसली. तिनं त्याची हनुवटी धरली आणि तोंड हळूच लेकराकडं वळवलं. त्यानं श्वास रोखून धरला होता. गाल फुगले होते, डोळे वाहत होते. नात त्याच्या तोंडाकडं टक लावून पाहत होती.

“सोडा जी आता,” धुरपताबाई म्हणाली. “सोडा.”